थिनरच्या शेडमधला आग-स्फोटाचा धोका: तक्ता भरण्याआधी वाफेचा माग काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) वडिलांनी उभा केलेला थिनर आणि प्रायमरचा छोटा कारखाना. टोल्यूईन, ॲसिटोन, मिथेनॉल, इथाइल ॲसिटेट, थोडं नायट्रोसेल्युलोज, आणि प्रायमरसाठी टाल्क वगैरे पावडरी. शेड तीस फूट बाय वीस फूट, मागे उघड्यावर ड्रम. माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीनं आग आणि स्फोटाच्या धोक्याचं लेखी मूल्यांकन मागितलं. सल्लागारानं पाच बाय पाचचा तक्ता भरून दिला, त्यात सगळे चौकोन हिरवे. ‘ताई, एवढं पुरेल का? नसेल तर नेमकं काय करायचं?’

पुरणार नाही. कंपनीच्या फायलीत तो कदाचित खपेल, पण तुमच्या शेडमधला धोका त्यात कुठेच दिसत नाही. तुम्ही पाठवलेल्या पानावरची एकच ओळ घ्या: ‘ड्रम भरताना आग’. परिणाम ५, शक्यता १, गुणाकार ५, रंग हिरवा. शक्यता १ कशावरून? शेरा आहे, ‘अर्थिंग केलेले आहे, धूम्रपानास मनाई आहे.’ म्हणजे हवेत पेट घेणारी वाफ असली तरी ठिणगी पडणार नाही, या भरवशावर सगळा हिशेब उभा आहे. मी नंदेसरी, रानोली, मकरपुरा या पट्ट्यात प्रोसेस सेफ्टीचं, म्हणजे कारखान्यांतली आग, स्फोट, गळती टाळण्याचं काम करत आले आहे. माझं ठाम मत आहे की हा भरवसाच मूल्यांकनातली सगळ्यात महाग चूक ठरतो. वाफ आणि हवेचं पेटणारं मिश्रण तयार झालं की ठिणगी मिळणारच, असं धरून चालायचं.

याला आधार आहे. टोल्यूईनची वाफ पेटायला साधारण ०.२४ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. कोरड्या दिवसांत रबरी चप्पल घालून फिरणाऱ्या माणसाच्या अंगावर काही हजार व्होल्ट सहज साठतात. ३००० व्होल्टच्या खालचा झटका त्याला स्वतःला जाणवतसुद्धा नाही, आणि तेवढ्या ठिणगीत लागणाऱ्या ऊर्जेच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते. २९ ऑक्टोबर २००९ ला जयपूरजवळ सीतापुऱ्याच्या डेपोत पेट्रोल सव्वा तासाच्या आसपास वाहत राहिलं, त्याचा ढग पसरला, पेटला, ११ माणसं गेली. त्याआधी ११ डिसेंबर २००५ ला इंग्लंडमध्ये बन्सफिल्डच्या इंधन डेपोत पेट्रोलची टाकी भरून वाहिली, कारण पातळी दाखवणारा काटा अडकला होता आणि जास्त भरल्यावर पुरवठा तोडणारा स्विच चालला नाही. तिथं ठिणगी बहुधा आग विझवायच्या पाण्याच्या पंपघरात पडली. सुरक्षेसाठी बांधलेल्या खोलीनंच ढग पेटवला. म्हणून पहिला प्रश्न ‘ठिणगी कुठून येईल’ हा नको. पहिला प्रश्न: वाफ कुठे निघते, किती निघते, आणि निघाल्यावर जाते कुठे?

सुरुवात पदार्थांच्या यादीपासून करा, पण सेफ्टी डेटा शीटची झेरॉक्स जोडून थांबू नका. प्रत्येक द्रवाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून ते पेटण्याइतकी वाफ देतं तो आकडा, लिहा: टोल्यूईन ४ अंश, मिथेनॉल ११-१२, इथाइल ॲसिटेट उणे ४, ॲसिटोन उणे १८ च्या आसपास. बडोद्यात जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा १० अंशांच्या आसपास असतो. म्हणजे मिथेनॉल सोडलं तर तुमचं बाकीचं सगळं सॉल्व्हंट वर्षातल्या प्रत्येक तासाला पेटण्याइतकी वाफ देतं, आणि मिथेनॉलही एखादी थंड पहाट वगळता देतंच. ‘थंडीत काम करतो’ हा उपाय नाही. मिनरल टर्पेंटाइनसारखं द्रव वेगळं: त्याचा फ्लॅश पॉइंट ३५ च्या वर असतो, हिवाळ्यात ते बरंच शांत राहतं आणि मे महिन्यात ४३ अंशांना पत्र्याखाली टोल्यूईनसारखं वागतं. त्याच ड्रमसाठी दोन ऋतूंत दोन वेगळ्या नोंदी कराव्या लागतात.

आता प्रमाण. हा हिशेब स्वतः करून पाहा, कारण तो केल्यावर माणूस शेडकडे वेगळ्या नजरेनं बघतो. एक लिटर टोल्यूईन म्हणजे ८६७ ग्रॅम. ते पूर्ण उडालं तर साधारण २३० लिटर वाफ होते. हवेत १.१ टक्का टोल्यूईन झालं की मिश्रण पेटू शकतं. म्हणजे एक लिटर द्रव सुमारे २१ घनमीटर हवा पेटण्याजोगी करतं. टोल्यूईनची वाफ हवेच्या तिप्पट जड, ती छताकडे जात नाही, फरशीवर पसरते. तुमच्या शेडच्या फरशीवर हीच वाफ सव्वा फूट जाडीचा थर करेल. एक लिटर. बॅरल पंपाची नळी काढताना, ड्रम कलता करताना, फिल्टर बदलताना किती सांडतं ते कामगारांना विचारा, पण ‘सांडतं का?’ असं विचारू नका. ‘पुसायला रोज किती चिंध्या लागतात?’ असं विचारा. उत्तर खरं मिळतं.

शेडच्या बाहेर, ड्रमच्या आत काय चाललंय तेही बघायला हवं, आणि इथे बहुतेक मूल्यांकनं गप्प असतात. बंद ड्रममध्ये द्रवावरची हवा वाफेनं संपृक्त होते. २५ अंशांना टोल्यूईनवरच्या हवेत त्याची वाफ सुमारे ३.७ टक्के असते. पेटण्याची मर्यादा १.१ ते ७.१ टक्के, म्हणजे हिवाळ्यात तुमच्या प्रत्येक अर्धवट ड्रमच्या आत दिवसभर पेटणारं मिश्रण आहे. ४० अंशांना तेच प्रमाण ७.८ च्या आसपास जातं, म्हणजे मर्यादेच्या वर: मेच्या भर दुपारी आतलं मिश्रण पेटायला ‘जास्त दाट’ होतं आणि संध्याकाळी थंड होताना परत मर्यादेत येतं. ॲसिटोन उलट: २० अंशांनाच त्याची वाफ २४ टक्क्यांच्या आसपास, वरची मर्यादा १३. त्याच्या भरल्या ड्रमच्या आत ठिणगी पडली तरी आत स्फोट होणं कठीण, पण तोंडापाशी, जिथे ती वाफ हवेत मिसळते, तिथे नक्की. आणि तोच ड्रम उपसला की आत हवा शिरते. म्हणून एकाच पदार्थासाठी ‘भरताना’, ‘साठवताना’, ‘उपसताना’ आणि ‘रिकामा’ या चार वेगळ्या ओळी लिहा.

रिकाम्या ड्रमची ओळ सगळ्यात मोठी करा. २०० लिटरच्या ड्रममध्ये पेटणारं मिश्रण व्हायला १० मिलिलिटर टोल्यूईन पुरतं, चहाचे दोन चमचे. उपसल्यावर तळाशी, शिवणीत याहून जास्त उरतं. तरी आपल्याकडे रिकामा ड्रम भंगारवाल्याला, पाण्याच्या टाकीला, कचराकुंडीला दिला जातो आणि कुणीतरी तो गॅस कटरनं कापतो. भरलेल्या ड्रमपेक्षा रिकामा ड्रम जास्त माणसं मारतो, कारण त्याच्याकडे कुणी सावधपणे बघत नाही. तुमच्या मूल्यांकनात ड्रम गेटबाहेर कुणाकडे जातो, धुवून जातो का, आणि घेणाऱ्याला आत काय होतं ते लेखी दिलं जातं का, हे आलंच पाहिजे. बाहेरच्या माणसाचा जीव हा तुमच्या हद्दीबाहेरचा विषय नाही.

यानंतर कामाची फेरी. नकाशा घ्या, कारखान्यात सकाळी पहिला ट्रक येतो तिथपासून रात्री शटर पडेपर्यंत माल ज्या वाटेनं जातो त्या वाटेनं चाला. ट्रकवरून ड्रम जुन्या टायरवर टाकले जातात का? सगळीकडे टाकतात. एखाद्याची शिवण उघडते आणि खाली ट्रकचा गरम सायलेन्सर असतो. ड्रम उघड्यावर आहेत म्हणता. दिवाळीत रॉकेट कुठे पडतात, उत्तरायणाच्या रात्री मेणबत्ती लावलेले तुक्कल कुठे उतरतात, याचा विचार बडोद्यातल्या मूल्यांकनात नसेल तर ते दुसऱ्या शहरातून उचलून आणलेलं आहे. ड्रमवर पत्र्याची शेड हवी, बाजू उघड्या हव्यात, चारही बाजूंनी उंचवटा बांधून गळती अडवणारा कट्टा हवा. आणि तो कट्टा पावसाळ्यात पाण्यानं भरतो, तेव्हा त्यातलं पाणी काढायचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवण्याचा मोह होतो. तो व्हॉल्व्ह उघडा असेल तर कट्टा बांधला न बांधला सारखाच.

व्हॉल्व्हमधून गळलेलं द्रव कुठे जातं? गटारात. मकरपुऱ्यात शेडला शेड लागून आहेत. तुमच्या शेजारी फॅब्रिकेशनचं काम चालतं असं तुम्हीच लिहिलंय. तुमच्या चेंबरमधलं टोल्यूईन त्याच्या चेंबरवर बसलेल्या वेल्डरपर्यंत पोहोचायला वारा लागत नाही, उतार लागतो. चेंबरची झाकणं उघडून पाणी कुठे निघतं ते बघा. शेजाऱ्याकडे जा, त्याला सांगा, त्याचा फोन नंबर भिंतीवर लिहा. यात कुणाला संकोच वाटत असेल तर तो बाजूला ठेवावा लागेल. ब्रिटनमध्ये २००२ पासून या विषयावर जो स्वतंत्र नियम आहे, त्यात एकाच आवारात दोन मालक असतील तर त्यांनी आपसात समन्वय ठेवायचा हे कलमात लिहिलं आहे. आपण तिथले नाही, पण तर्क इथेही तोच.

आता स्थिर विजेवर थोडं जास्त थांबते, कारण तुमच्या धंद्यात आग लागली तर ती इथून लागायची शक्यता सगळ्यात जास्त.

टोल्यूईन विजेचं वाहक नाही. ते नळीतून, फिल्टरमधून वाहताना त्यात प्रभार तयार होतो आणि लवकर निचरत नाही. मिथेनॉल, ॲसिटोन यांच्यात तो पटकन निचरतो, अर्थात भांडं धातूचं आणि अर्थ केलेलं असेल तरच. प्लास्टिकच्या बादलीत टोल्यूईन काढायचं तर अर्थिंगला अर्थच उरत नाही, द्रव वेगळं पडतं. त्याहून वाईट म्हणजे प्लास्टिकच्या ड्रमवर ठेवलेला पत्र्याचा नरसाळा: तो हवेत लटकलेला धातू, प्रभार साठवतो आणि एका क्षणात सोडतो. नरसाळा, गाळणी, बादलीचं कडं, पंपाची नळी, सगळा धातू एकमेकांना आणि अर्थला जोडा. या जोडाचा रोध १० ओहमच्या खाली हवा, आणि तो मीटरनं मोजून वहीत लिहायचा. डोळ्यांनी अर्थिंगच्या वायरचा क्लॅम्प दिसला म्हणून जोड आहे असं होत नाही. ड्रमवर रंग असतो, रंग फोडून पत्र्याला भिडणाऱ्या टोकाचा क्लॅम्प घ्या. बूच उघडण्याआधी क्लॅम्प लावायचा, बूच बंद झाल्यावर काढायचा. उलटं केलं तर ठिणगी बरोबर वाफेच्या तोंडाशी पडते.

वेगाचंही एक गणित आहे. भरणारी नळी ड्रमच्या तळापर्यंत न्या, आणि तिचं टोक द्रवात बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवा. एक इंची पाइपातून हा वेग म्हणजे मिनिटाला साधारण ३० लिटर. सगळा ड्रम त्याच वेगानं भरला तरी सहा-सात मिनिटं. वरून धबधब्यासारखं ओतण्यात चार मिनिटं वाचतात. त्यासाठी हा खेळ नको. बारीक मायक्रॉनचा फिल्टर असेल तर त्याच्या पुढे द्रवाला नळीत किमान ३० सेकंद मिळावीत, म्हणजे प्रभार थोडा उतरतो. पावसाळ्यात हवा दमट असते म्हणून हे सगळं सोडून चालेल असा समज इकडे फार आहे. दमटपणानं कपड्यांवरचा, पिशव्यांवरचा प्रभार कमी होतो, नळीच्या आत वाहणाऱ्या टोल्यूईनला बाहेरच्या पावसाचा पत्ताही नसतो.

आणि पावडर. टाल्क जळत नाही, म्हणून तुमच्या तक्त्यात टाल्कची ओळ नाही. पण प्रायमर करताना पॉटमध्ये (मिक्सिंगच्या भांड्यात) आधी सॉल्व्हंट असतं, मग वर उभा राहून माणूस प्लास्टिकच्या पोत्यातून टाल्क ओततो, शेवटी पोतं झटकतो. पावडर प्लास्टिकवरून घसरताना प्रभार तयार होतो, पोत्याचा अस्तर-कागद चटचट वाजतो, आणि पॉटच्या तोंडाशी टोल्यूईनची वाफ उभी असते. शिवाय पावडर आत पडते तेव्हा तेवढीच वाफमिश्रित हवा बाहेर, माणसाच्या तोंडावर येते. अशा आगी जगभर लागल्या आहेत आणि त्यात पहिला भाजतो तो पोतं धरणारा. क्रम बदला: जमेल तिथे पावडर आधी, सॉल्व्हंट नंतर बंद झाकणातून. ते रेसिपीत बसत नसेल तर कागदी पोती मागवा, मॅनहोलवर पावडर टाकायचा बंद हॉपर लावा, पॉटमध्ये नायट्रोजन सोडून ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या खाली आणा. मात्र नायट्रोजन भरलेल्या पॉटचं झाकण उघडून पावडर टाकली की हवा परत आत जाते, त्यामुळे हॉपरशिवाय नुसत्या नायट्रोजनवर विसंबू नका. आणि नायट्रोजन आला की गुदमरण्याचा धोका आला, त्याची ओळ वेगळी.

नायट्रोसेल्युलोजकडे तुमच्या सल्लागारानं ‘ज्वलनशील घन’ एवढं लिहून पाठ फिरवली आहे. ते अल्कोहोलनं ओलं ठेवलेलं येतं, तो ओलावाच त्याची सुरक्षा. उघडा ड्रम उन्हाळ्यात पत्र्याखाली राहिला, तो वाळला, तर ते स्वतःहून तापून पेटू शकतं. चीनमधल्या तियानजिन बंदरात १२ ऑगस्ट २०१५ ला जे झालं त्याची सुरुवात अशीच झाली: गोदामातल्या कंटेनरमध्ये नायट्रोसेल्युलोज उन्हानं वाळलं, तापलं, पेटलं, शेजारचं अमोनियम नायट्रेट फुटलं, १६५ माणसं गेली आणि ८ बेपत्ता राहिली. तुमच्याकडे काही किलो आहे, पण बडोद्याचा मे महिना तोच आहे. वेगळी, थंड, सावलीची खोली. ड्रम उघडला की गरजेपुरतं काढून लगेच घट्ट बंद. सांडलेलं आधी पाण्यानं ओलं करून मगच उचलायचं, लोखंडी फावड्यानं नाही. महिन्यातून एकदा ड्रमचं वजन करा. कमी भरलं तर अल्कोहोल उडालंय.

याच जातीचा दुसरा धोका म्हणजे जवस तेल किंवा अल्किड रेझिन पुसलेल्या चिंध्या. कोपऱ्यात ढीग केला की तेल हवेतला ऑक्सिजन घेत आतून तापतं आणि रात्री, शटर बंद असताना, पेटतं. कोणतीही ठिणगी लागत नाही. झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात पाणी, आणि संध्याकाळी शेडबाहेर.

विजेच्या सामानाचं बघू. पेटणारी वाफ कुठे किती वेळा असू शकते यावरून जागेचे झोन पाडतात: शून्य म्हणजे जवळपास कायम, एक म्हणजे नेहमीच्या कामात अधूनमधून, दोन म्हणजे क्वचित. तुमच्या तक्त्यात अख्खी शेड ‘झोन १’ आहे. त्यातून फार नुकसान होतं: सगळीकडे फ्लेमप्रूफ सामान (आतला स्फोट आतच अडवणारं) परवडत नाही, म्हणून कुठेच नीट बसवलं जात नाही. आयएस ५५७२ (भारतीय) आणि आयईसी ६००७९ (आंतरराष्ट्रीय) या मानकांच्या पद्धतीनं झोन वाफेच्या उगमावरून ठरवा. पॉटच्या आत, ड्रमच्या आत शून्य. तोंडापाशी, भरण्याच्या जागेपाशी एक. त्याच्या भोवती, आणि जमिनीलगत जिथवर थर जाऊ शकतो तिथवर दोन. तोंडापाशीच वाफ ओढून घेणारा हूड लावला तर हे क्षेत्र लहान होतं, आणि पैसे तिथे घालणं मला नेहमी जास्त शहाणपणाचं वाटतं. २०० लिटरचा ड्रम भरताना बाहेर पडणारी २०० लिटर हवा, त्यात २५ अंशांना सात-साडेसात लिटर वाफ, एवढी तोंडाशीच गोळा करणं सोपं आहे. शेडभर पसरल्यावर ती गोळा करणं अशक्य. तुमचा एक्झॉस्ट फॅन छताजवळ आहे, तो गरम हवा काढतो, टोल्यूईन नाही. खिडक्यांबरोबर जमिनीलगत जाळी हवी. आणि ओढणाऱ्या पंख्याची मोटर वाफेच्या प्रवाहात असेल तर ती फ्लेमप्रूफ हवी.

फ्लेमप्रूफ बॉक्स बसवलेला असला तरी तपासा. चार बोल्टांपैकी दोन नाहीत, केबल आत शिरते तिथे साधी ग्लँड, वापरात नसलेल्या भोकाला कापडाचा बोळा: असा बॉक्स आतल्या स्फोटाची ज्वाला बाहेर सोडतो, त्याच्यावरचं सर्टिफिकेट काहीही म्हणो. मग विसरलेल्या वस्तू: मोबाइलचा चार्जर, चहाची हीटिंग रॉड, वॉटर कूलर, हजेरीचं यंत्र, सीसीटीव्ही, डासांची बॅट, फोर्कलिफ्ट. झोनच्या रेषा खडूनं फरशीवर काढा आणि त्याच्या आत काय काय आहे ते मोजा.

गरम काम: वेल्डिंग, ग्राइंडिंग, कटिंग. परमिटची पावती सही करून देणं म्हणजे काम नाही. जिथे काम होणार तिथलं सॉल्व्हंट काढलेलं, धुतलेलं, पाइपात बंद चकती (ब्लाइंड) लावून तोडलेलं, आणि वाफ मोजणाऱ्या गॅस मीटरवर शून्य. मीटरबद्दल एक सांगते, कारण इथे फसगत होते. तुमच्यासारख्या कारखान्यात येणारा मीटर बहुतेकदा मिथेनवर कॅलिब्रेट केलेला असतो. टोल्यूईनसमोर तो खऱ्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी दाखवतो. शिवाय त्यातला उत्प्रेरक सेन्सर वाफ जाळून मोजतो, त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन भरलेल्या भांड्यात घातला तर तो शून्य दाखवेल आणि भांडं वाफेनं भरलेलं असेल. आधी ऑक्सिजन मोजा, मग वाफ, वर-मध्ये-तळाशी तिन्ही ठिकाणी. सिलिकॉनचे स्प्रे वापरत असाल तर तो सेन्सर मरतो, बाहेरून काही कळत नाही. काम संपल्यावर माणूस किमान अर्धा तास तिथेच थांबला पाहिजे, जेवायला जायचा नाही.

कायद्याचं थोडक्यात. कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ३७ मध्येच ज्वालाग्राही वाफ आणि धूळ अडवणं, ठिणगी टाळणं, पेटणाऱ्या पदार्थाच्या टाकीवर गरम काम न करणं हे सगळं होतं; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० नं घेतली. पेट्रोलियम अधिनियम १९३४ मध्ये २३ अंशांखालच्या फ्लॅश पॉइंटचा माल वर्ग ‘अ’, आणि तो विक्रीसाठी नसेल तरच परवान्याशिवाय ठेवता येतो, तोही फक्त ३० लिटर. टोल्यूईन आणि टोल्यूईन मिसळलेलं थिनर ‘पेट्रोलियम’ या व्याख्येत बसतं, शुद्ध मिथेनॉल बसत नाही, त्याचं वेगळं. परवाना पेसोचा (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था), मुख्यालय नागपूर. यादी घेऊन सल्लागाराला विचारा: आपला प्रत्येक ड्रम कोणत्या कागदाखाली येतो?

उपायांचा क्रम चुकवू नका. तुमच्या तक्त्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘प्रशिक्षण, पीपीई, फायर एक्स्टिंग्विशर’. हे शेवटचे उपाय आहेत. पहिला प्रश्न नेहमी: हे सॉल्व्हंट लागतंच का? धुलाईसाठी टोल्यूईन वापरता, तिथे जास्त फ्लॅश पॉइंटचं द्रव चालेल, आणि हा बदल मी तुमच्याकडे सगळ्यात आधी करेन. दुसरा: एवढा साठा लागतो का? महिन्याचा माल शेडमध्ये आणि आठवड्याचा माल शेडमध्ये यात पेटल्यावर फार मोठा फरक पडतो. मग बंद यंत्रणा, मग तोंडापाशी ओढ, मग हवा, मग ठिणगी. हे सगळं केल्यावर उरेल त्यासाठी आग विझवण्याची सोय.

त्या सोयीतही एक छुपी चूक आहे. तुमच्याकडे साधा एएफएफएफ फोम (तेलाच्या आगीवर पातळ थर पसरवणारा) ठेवलाय. ॲसिटोन, मिथेनॉल असलेल्या थिनरवर तो फोम टिकत नाही, ती द्रवं त्यातलं पाणी ओढून घेतात आणि आच्छादन फाटतं. अल्कोहोलला टिकणारा फोम मागवा. आणि पाण्याचा जोरदार मारा करू नका, जळतं टोल्यूईन पाण्यावर तरंगत शेजाऱ्याच्या गटारात जाईल. गेटजवळ एक फलक लावा: काय, किती, कुठल्या कोपऱ्यात, कोणता फोम. अग्निशमन दलाचा जवान आत येताना त्याला तो एक मिनिटात वाचता यायला हवा. मागच्या दारासमोरचे ड्रम आज हलवा. तिथून बाहेर पडता येत नसेल तर शेडला दार एकच आहे, असं धरायचं.

११ नोव्हेंबर २०२४ ला कोयलीच्या रिफायनरीत बेंझीनची टाकी पेटली, दोन माणसं गेली. तेव्हापासून बडोद्यात आगीबद्दलचे प्रश्न आधीपेक्षा जास्त विचारले जातात, तुमच्याकडे मागितलेला कागदही त्याचाच भाग असावा. पण रिफायनरीत गॅस डिटेक्टर असतात, स्वतःचं अग्निशमन पथक असतं. तुमच्याकडे सोळा-सतरा माणसं आणि एक शटर असेल, तर तुमचं मूल्यांकन त्यांच्यापेक्षा जास्त बारकाईनं व्हायला हवं.

हे मूल्यांकन बाहेरच्या माणसाकडून लिहून घेऊ नका. त्याला मदतीला ठेवा, पण चालायची फेरी तुम्ही, तुमचे वडील आणि रात्रपाळीतला सगळ्यात जुना मिक्सिंगवाला, तिघांनी मिळून करा. तो गुजरातीत बोलेल, तुम्ही मराठीत लिहा, पण कामाच्या पायऱ्या त्याच्याच शब्दांत लिहा. तो सांगेल की पॉट गरम झाला की झाकण थोडं उघडं ठेवतात, की बॅरल पंप बंद पडला की तोंडानं सायफन करतात, की अर्थिंगची वायर गेल्या दिवाळीत रंगकामासाठी काढली आणि परत लावली नाही. रेसिपी बदलली, नवीन सॉल्व्हंट आलं, यंत्र हललं किंवा काही थोडक्यात टळलं, की फेरी परत. आणि वर्षातून दोनदा, एकदा मेमध्ये आणि एकदा जानेवारीत.

अहवालाला महिना लागेल, लागू दे. तोपर्यंत वाट बघू नये अशा गोष्टी मात्र आजच्या आज: प्लास्टिकच्या पोत्यातून टोल्यूईनच्या पॉटमध्ये पावडर ओतणं बंद, प्लास्टिकच्या बादलीत टोल्यूईन काढणं बंद, कट्ट्याचा व्हॉल्व्ह बंद, चिंध्यांचा डबा शेडबाहेर, रिकामे ड्रम कापायला देणं बंद. नकाशा, पदार्थांची यादी आणि अर्थ-रोधाची वही तयार झाली की मला पाठवा, झोनच्या रेषा मी तपासून देईन.